तारीख नकाराची धरा, मागणी रॅकची करा

शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्री चालवणाऱ्या कोल्हापूरच्या एका वाचकांनी पत्र पाठवले आहे. त्यांच्या भागीदारी फर्मने जून २०२२ मध्ये पुण्याच्या शोरूममधून ४६ लाख रुपयांच्या इनव्हॉइसवर दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये गगनबावड्याहून परतताना चालत्या गाडीचे पॉवर स्टीअरिंग बंद पडले. सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून गाडी परत दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा तेच झाले, तेव्हा सॉफ्टवेअर बदलून दिले. तिसऱ्यांदा बिघाड झाल्यावर १४ मे २०२५ रोजी, तीन वर्षांची वॉरंटी संपण्यास महिनाभर राहिला असताना, संपूर्ण स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगचे वळण पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग) बदलावा लागेल, खर्च ४ लाख ८० हजार रुपये येईल आणि मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवल्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही, असे लेखी उत्तर मिळाले. नवी गाडी किंवा पूर्ण पैसे परत मिळतील का, आणि तोपर्यंत उद्यमनगरातल्या मेस्त्रींकडून रॅक उघडून दुरुस्त करून घ्यावा का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. सोबत ग्राहक तक्रारीचा मसुदाही जोडला आहे.

अशा पत्रांत वाचक सहसा दोष कसा सिद्ध करायचा एवढेच विचारतात. तुमच्या प्रकरणात मात्र त्याआधी एक प्रश्न उभा राहतो आणि बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. समोरच्या पक्षाने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी ग्राहक आयोगाला तो स्वतःहून पाहावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने हे २००९ मध्ये भारतीय स्टेट बँकेच्या प्रकरणात जुन्या कायद्याखाली स्पष्ट केले आहे आणि नव्या कायद्यातील तरतूद त्याच वळणाची आहे. कारण ऑगस्ट २०२३ मध्ये घडले असे धरले, तर तुमची मुदत ऑगस्ट २०२५ मध्येच संपली. ते १४ मे २०२५ रोजी घडले असे धरले, तर मे २०२७ पर्यंत वेळ आहे.

आता तुमच्या मसुद्याचे पहिलेच वाक्य पाहा. ‘ऑगस्ट २०२३ पासून गाडीच्या स्टीअरिंगमध्ये गंभीर उत्पादन दोष असल्याचे तक्रारदारास ज्ञात होते’, असे तुम्ही लिहून दिले आहे. कंपनीच्या वकिलाला यापेक्षा अधिक काही नको. हे वाक्य जसेच्या तसे उचलून ते मुदतीचा आक्षेप घेतील आणि दोषाचा तपास होण्यापूर्वीच तक्रार निकाली निघण्याचा धोका तयार होईल. शिवाय ते वाक्य वस्तुस्थितीला धरूनही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तुम्हाला फक्त स्टीअरिंग जड झाल्याचे कळले होते. त्यामागे नेमका कोणता भाग सदोष आहे हे ठाऊक नव्हते, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरने तर दोषच नाही असे लेखी सांगितले होते. रॅक सदोष आहे आणि तो वॉरंटीत बदलून मिळणार नाही, या दोन्ही गोष्टी तुम्हाला प्रथम १४ मे २०२५ च्या पत्राने कळल्या. तेव्हा तक्रारीत आधीच्या दोन्ही घटना तारखांसह प्रामाणिकपणे सांगाव्यात, त्या दडवू नयेत. मात्र तक्रारीचे कारण म्हणून वॉरंटीच्या मुदतीत दिलेला लेखी नकार स्पष्टपणे मांडावा. सोबत कलम ६९ खाली विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज, मुदत संपलेली नाही ही भूमिका कायम ठेवून, पर्यायी म्हणून जोडावा. वारंवार दुरुस्ती होत राहिली म्हणून कारण सतत चालू होते, असा युक्तिवाद काही प्रकरणांत टिकतो आणि काहींत टिकत नाही. त्याच्या एकट्याच्या भरवशावर मी तुम्हाला आयोगापुढे उभे करणार नाही.

‘दोष आढळला नाही’ हे जॉबकार्डवरील तीन शब्द म्हणूनच तुमच्या प्रकरणाचा कणा आहेत, आणि त्या जॉबकार्डची तुमच्याकडे फक्त मोबाइलवर काढलेली अर्धवट छायाचित्रे आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या जॉबकार्डवर तर ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली न वाचता सही केल्याचे तुम्ही स्वतःच लिहिता. फाउंड्रीत कच्च्या मालाचे चलन तपासल्याशिवाय आत घेत नसाल. ४६ लाखांच्या वाहनाच्या कागदांना तेवढी काळजी मिळायला हवी होती. चासी क्रमांक देऊन गाडीचा संपूर्ण सर्व्हिस इतिहास आणि तिन्ही जॉबकार्डांच्या प्रती आजच ईमेलने मागवा. त्यांनी दिल्या नाहीत, तर कलम ३८(९) खाली कागदपत्रे हजर करण्याचा आदेश आयोगाकडून मागता येतो. पण नकार किंवा मौन दाखवणारा तुमचा ईमेल हाताशी असला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुरावा म्हणून देणार असाल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा.

मे २०२५ नंतरचे आठ महिने तुम्ही ‘विभागीय कार्यालय विचार करत आहे’ अशा ईमेलांवर घालवलेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करण्यासाठी आधी नोटीस देण्याचे कायदेशीर बंधनही नाही. कंपनी विचार करत असताना घड्याळ फक्त तुमच्याविरुद्ध चालू असते.

तारखेचा हा मुद्दा तुमच्या पहिल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. नवी गाडी किंवा पूर्ण रक्कम मागायची, तर गाडी मुळातच सदोष होती असे म्हणावे लागते, आणि तसे म्हटले की तारीख आपोआप २०२३ कडे किंवा त्याहूनही मागे, खरेदीकडे सरकते. शिवाय ती मागणी मान्य होणे कठीण आहे. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात क्लचच्या दोषाबद्दल संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलून देण्यापुरतीच आहे, असे सांगून ग्राहकाला भरपाई दिली. रॅक बदलल्यावर तुमची गाडी पूर्ववत चालणार असेल, तर तुम्हालाही बहुधा हेच उत्तर मिळेल. म्हणून मुख्य मागणी रॅक आणि त्याचे नियंत्रण युनिट विनाखर्च बदलून मिळण्याची, बदललेल्या भागावर नव्याने वॉरंटी मिळण्याची आणि गाडी उभी राहिल्याच्या काळातील पर्यायी प्रवासखर्चाची व मनस्तापाच्या भरपाईची असावी. गाडीची रक्कम परत मिळण्याची मागणी फक्त पर्यायी म्हणून, भाग बदलूनही दोष न गेल्यास, अशी ठेवावी. कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या, तरतुदी येथे उपयोगाच्या नाहीत; सुदैवाने अपघात झालेला नाही, आणि वस्तूचे स्वतःचे झालेले नुकसान त्यातील ‘हानी’च्या व्याख्येत बसत नाही.

रुंद टायरच्या कारणाबाबत मी सावधपणे बोलेन. तुम्ही पाठवलेल्या वॉरंटी पुस्तिकेत ‘फेरबदलामुळे उद्भवलेला बिघाड’ वगळलेला आहे. फेरबदल केलेली प्रत्येक गाडी वगळलेली नाही. त्यामुळे टायरमुळेच रॅक बिघडला हे दाखवण्याचे ओझे कंपनीवर पडते, असा युक्तिवाद चांगला आहे. पहिला बिघाड टायर बदलण्यापूर्वी झाला होता, असे तुम्ही म्हणता. टायर जानेवारी २०२४ मध्ये घेतल्याचे बिल सापडले, तर हा मुद्दा जवळजवळ तुमच्या बाजूने सुटेल. दुसरीकडे, रुंद टायरने स्टीअरिंगच्या मोटरवरील भार वाढतो, हे तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही, आणि गाडीतील फेरबदलांवर निर्बंध घालणाऱ्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा हवालाही कंपनी देईल. मूळ मापाचे टायर परत बसवा, मात्र काढलेले टायर आणि बिल जपून ठेवा. वॉरंटीचे कलमच अनुचित असल्याचा मुद्दा तक्रारीत घालण्याचा मोह टाळा. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, तो राज्य आयोगापासून सुरू होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की रॅक उद्यमनगरात आत्ता उघडू देऊ नका. तिथल्या मेस्त्रींच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. तेल-दाबावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या स्टीअरिंगचे सील, होज आणि पंप तिथे उत्तम दुरुस्त होतात. तुमचे स्टीअरिंग विजेवर चालणारे आहे. त्यात चालकाने लावलेला जोर मोजणारा टॉर्क सेन्सर, मोटर आणि नियंत्रण युनिट एकमेकांशी जुळवलेले असतात, आणि नवे युनिट बसवल्यावर ते त्या गाडीसाठी कोड करावे लागते. बिघाडाच्या क्षणी युनिटमध्ये त्रुटी-संकेत नोंदले जातात. रॅक उघडताना ते पुसले गेले किंवा जोडणी हलली, तर कलम ३८ खाली प्रयोगशाळेकडे पाठवण्यासारखे काही उरणार नाही. तपासणीशिवाय ठरवता न येणारा दोष योग्य प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याची तरतूद त्याच कलमात आहे आणि अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. पुण्याची एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुचवता येईल; अंतिम निवड आयोगाची.

न उघडता करता येण्यासारखे बरेच आहे. बॅटरीचा दाब कमी असला किंवा अर्थिंगची जोडणी गंजली असली, तरी विजेवरचे स्टीअरिंग मदत देणे थांबवते, आणि हा खर्च काही हजारांत बसतो. सर्व्हिस सेंटरने हे तपासले होते का, याची नोंद त्यांच्या कागदांत शोधा. रॅकच्या टोकाची रबरी बुटे फाटली आहेत का, त्याची तारखेसह छायाचित्रे घ्या. गगनबावड्याच्या पावसात पाणी शिरले, हा बाह्य कारणाचा बचाव कंपनी घेईल. बुटे शाबूत असतील, तर पाणी आत जाणे हाच भागाचा दोष ठरतो. विमा कंपनीच्या यादीतील परवानाधारक सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल अभियंत्याकडून त्रुटी-संकेतांसह अहवाल तयार करून घ्या आणि तपासणीच्या किमान सात दिवस आधी कंपनीला व शोरूमला हजर राहण्यास लेखी कळवा. त्यांच्या गैरहजेरीत झालेल्या तपासणीवर ते पुढे हमखास बोट ठेवतात. गाडी तातडीने हवीच असेल, तर हा अहवाल झाल्यावर हक्क राखून, निषेध नोंदवून पैसे भरा, अधिकृत केंद्रातच रॅक बदला आणि जुना रॅक सीलबंद अवस्थेत लेखी पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. तो स्क्रॅपमध्ये गेला, तर ४ लाख ८० हजारांचा दावा केवळ तोंडी उरेल.

तोपर्यंत ही गाडी करूळ घाटात किंवा आंबा घाटात नेऊ नका. मदत बंद झाली तरी चाकांशी यांत्रिक जोड राहतो, पण वळणावर स्टीअरिंग एकाएकी जड झाले, तर सावरायला क्षणही मिळत नाही. दोष माहीत असताना गाडी चालवून कोणी जखमी झाले, तर प्रश्न ग्राहक आयोगापुरता राहणार नाही. यांत्रिक बिघाडाचा खर्च नेहमीच्या मोटार विम्यात मिळत नाही, त्यामुळे तिकडून आशा ठेवू नका.

मंचाबाबत थोडक्यात. मोबदला, म्हणजे गाडीसाठी दिलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असल्याने तक्रार जिल्हा आयोगात, आणि शोरूम पुण्यात असले तरी तुमचा व्यवसाय येथे असल्याने कोल्हापुरातच दाखल करता येते. रस्ता कर आणि विमा धरून रक्कम ५० लाखांवर नेण्याचा प्रयत्न समोरून होऊ शकतो, म्हणून इनव्हॉइस वेगळा दाखवा. गाडी फर्मच्या नावावर आहे आणि घसाराही घेतला आहे, त्यामुळे व्यावसायिक हेतूचा आक्षेप येईल. संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी केवळ त्यामुळे व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये कंट्रोल्स अँड स्विचगिअर प्रकरणात म्हटले आहे. भागीदारी फर्मला तेच तत्त्व लागू व्हावे असे माझे मत आहे, खात्री देत नाही. निर्माता कंपनी आणि शोरूम दोघांनाही सामनेवाले करा, कारण त्यांच्यातील व्यवहार स्वतंत्र मालकांसारखा असेल, तर एकाच्या चुकीसाठी दुसरा जबाबदार धरला जाईलच असे नाही.

परदेशात याच मॉडेलची परत बोलावणी झाल्याची बातमी तुम्ही जोडली आहे. ती जोडा, पण तुमच्या गाडीचा चासी क्रमांक त्या तुकडीत येतो का, हे कंपनीला लेखी विचारल्याशिवाय तिला फारसे वजन नाही. भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११०अ खाली १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या परत बोलावणीचे नियम लागू आहेत. तक्रारींची संख्या विक्रीच्या प्रमाणात ठरावीक पातळी गाठल्यावरच ते यंत्र हलते. तरीही तुमची तक्रार शासनाच्या पोर्टलवर नोंदवा. इतके कमी विकले जाणारे वाहन असताना प्रत्येक नोंद मोजली जाते.

कायद्यात तपासणी लागणाऱ्या तक्रारीसाठी पाच महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. प्रत्यक्षात रिकाम्या पदांमुळे आणि तारखांमुळे अशी प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि ज्यांनी हा कायदा ग्राहकासाठी केला, त्यांनीच आयोगांना पुरेसे सदस्य देऊ नयेत, हे मला अक्षम्य वाटते. म्हणून तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज द्या: वाहनाची व रॅकची सद्यस्थिती कायम ठेवावी, त्रुटी-संकेतांची प्रत सादर व्हावी आणि प्रयोगशाळा लवकर नेमावी. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नकार देऊ नका; एका भागाच्या किमतीचा वाद कंपन्या पुष्कळदा तिथेच मिटवतात. त्या तडजोडीवर सही करताना मात्र नव्या रॅकवरील वॉरंटीचा कालावधी आणि तिच्या सुरुवातीची तारीख लिहिलेली असल्याशिवाय, आणि प्रत्येक पान वाचल्याशिवाय, पेन उघडू नका. मसुद्यातील पहिले वाक्य काढून तक्रार येत्या पंधरवड्यात दाखल करा. मे २०२७ पर्यंत वाट पाहण्याची मुभा आहे असे समजू नका, कारण ती तारीख आपण मांडतो आहोत, आयोगाने अजून मान्य केलेली नाही.