एच-४ हेडलाइटमध्ये एलईडी बसवू की जास्त वॉटचे हॅलोजन?

तुमची अडचण मला अशी समजली: गाडी आठ वर्षं जुनी, हेडलाइटला एच-४ हॅलोजन (अपर आणि डिपर दोन्ही एकाच बल्बमध्ये), रात्री रस्ता पुरेसा दिसत नाही. दुकानदार एलईडी घ्या म्हणतो आणि मित्र १००/९० वॉटचे (पहिला आकडा अपरचा, दुसरा डिपरचा) हॅलोजन टाक म्हणतो. माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. ६०/५५ वॉटचेच, पण चांगल्या कंपनीचे हॅलोजन घ्या. आणि तेही काच, वायरिंग आणि झोताची उंची तपासून झाल्यावरच.

एलईडी मी स्वतः वापरून काढून टाकले आहेत. बसवले त्या रात्री समोरची भिंत अशी लखलखली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. मोकळ्या रस्त्यावर मात्र बोनेटपुढचा रस्ता पांढराफटक आणि त्यापलीकडे एकदम काळोख. मी डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर असूनही समोरून येणारे अपर, म्हणजे लांबचा झोत मारून मला खुणावत होते. महिनाभर मी ते मनावर घेतलं नाही. मग एकदा भावाला सांगितलं, डिपर लावून गाडी माझ्या दिशेने हळूहळू आण. समोरून दुचाकी जिथून येते, त्या जागी मी उभा राहिलो. आमचा एक मित्र गडद कपड्यांत गाडीच्या कडेने चालत येत होता. तो तिथे आहे हे मला माहीत होतं, तरी दिसला नाही. गाडी पुढे निघून गेल्यावरही काही क्षण डोळ्यांपुढे फक्त हिरवे-जांभळे डाग होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुने बल्ब परत बसवले. त्या महिनाभरात कितीजणांना मी असं आंधळं करून पुढे गेलो असेन, हा विचार अजून सुटत नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी डब्यावरचे लुमेन, म्हणजे उजेडाचे आकडे दाखवले तरी फसणार नाही. एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, एक अपरचं आणि एक डिपरचं. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाडग्याच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड तिरकी असते, म्हणून रस्त्याच्या कडेच्या बाजूला झोत थोडा वर चढतो आणि समोरच्या वाहनाच्या बाजूला खालीच राहतो. फिलामेंट जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या बारीक तारेची जागा गृहीत धरून घडवलेला असतो. आता तिथे एलईडी बल्बच्या, मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या चिप आल्या, की उजेडाचा उगम तिथून सरकतो, त्याचा आकारही बदलतो. उजेड भरपूर निघतो, पण जिथे हवा तिथे जात नाही. बराचसा जवळच सांडतो आणि काही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जवळचा रस्ता झगझगीत असला की आपल्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि लांबचं आणखीच काळं दिसतं. मला भासलेला तो काळोख यातूनच आला होता.

कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथे रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच बनवलेली असते. काही देशांत ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटसाठी तपासून मंजूर केलेले एलईडी बल्बही मिळतात. तुमच्या हेडलाइटचं नाव त्या यादीत असेल तर जरूर घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं लिहिलेला डबा मात्र परत ठेवा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी (झेनॉन वायूचा दिवा) किट बसवणं तर त्याहून वाईट. ३५ वॉटच्या एचआयडीचा उजेड एच-४ च्या डिपरच्या साधारण तिप्पट असतो आणि तो सगळा विस्कटून उधळतो.

मित्राचा सल्ला वेगळ्या कारणाने धोक्याचा आहे. ६० वॉटला साधारण ५ अँपिअर लागतात, १०० वॉटला ८ च्या वर. मूळ वायरिंग आणि कपलर (बल्बमागे खोचायचा प्लग) त्यासाठी नसतात. आधी कपलर तपकिरी पडतो, मग वितळतो. उष्णतेने रिफ्लेक्टरचा चकचकीत थर जळला की कोणताही बल्ब लावा, उजेड मंदच. शिवाय असे बल्ब बहुतेक ठिकाणी रस्त्यावर चालवायला परवानगी नसते.

निळसर छटेचे ‘सुपर व्हाइट’ हॅलोजनही टाळा. काचेवरचा निळा थर पिवळा-तांबडा उजेड अडवून बाकीचा सोडतो, म्हणजे उजेड पांढरा दिसतो पण असतो कमी. पावसात ओल्या डांबरावर हा फरक फार जाणवतो. साध्या हॅलोजनचा ३२०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर रंग हा काही दोष नव्हे.

मग घ्यायचं काय? ६०/५५ वॉट, १२ व्होल्ट, आणि बुडावर वर्तुळातल्या ‘ई’ची खूण. त्या खुणेचा अर्थ, बल्ब आंतरराष्ट्रीय नियम आर-३७ प्रमाणे तपासलेला आहे, म्हणजे फिलामेंट नेमक्या जागी आहे. फिलिप्स, ओसराम यांचे साधे बल्बही उत्तम चालतात. त्याच्या वर ‘प्लस ५०’, ‘प्लस १३०’, ‘प्लस १५०’ असे प्रकार येतात. वॉट तेवढेच, पण फिलामेंट अधिक घट्ट विणलेलं आणि जास्त तापणारं, आत जास्त दाबाचा वायू. त्यामुळे लांबच्या रस्त्यावर उजेड खरंच वाढतो. तो आकडा नियमाला लागणाऱ्या किमान उजेडाशी, तेही झोताच्या ठरावीक भागात तुलना करून काढलेला असतो. म्हणून प्लस १३० म्हणजे दुपटीहून जास्त दिसेल असं समजू नका. आणि जितका मोठा आकडा, तितकं कमी आयुष्य. रोज रात्री लांब जाणं होत असेल तर मी प्लस ५० च्या आसपास थांबेन. कधीतरीच रात्री गाडी काढत असाल तर वरचा प्रकार घ्यायला हरकत नाही.

आता ज्यावर सहसा कोणी बोलत नाही ते. आठ वर्षांच्या गाडीत बल्बपेक्षा इतर गोष्टीच उजेड खातात.

हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळट, धुरकट झाली असेल तर नवा बल्ब वाया जाईल. ८०० पासून ३००० पर्यंतच्या पॉलिश पेपरने, पाणी मारत, क्रमाने घासा आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा थर द्या. तो थर नाही दिला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. आतला रिफ्लेक्टर मळका दिसला तर मात्र घासू नका, ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा निघून येतो. तो काळवंडला असेल तर हेडलाइटच बदलावा लागतो.

मग मल्टीमीटर घ्या. इंजिन चालू आणि डिपर लावलेला असताना आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कपलरमागे व्होल्टेज मोजा. एक व्होल्ट कमी पोचला तर उजेड पाचव्या हिश्शाहूनही जास्त घटतो. बहुतेक वेळा दोष गंजलेल्या अर्थिंगच्या जोडात असतो. तो घासून घट्ट केला की भागतं. तरी फरक राहिला तर फ्यूजसकट वेगळा रिले (बॅटरीतून थेट बल्बला वीज सोडणारा स्विच) बसवून घ्या. माझ्या गाडीत अर्थिंग साफ केल्यावर जो फरक पडला, तो एलईडीने कधी पडला नव्हता.

झोताची उंचीही तपासा. सपाट जागी, नेहमीइतकी हवा टायरात आणि आत चालक असताना भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटवर ‘१ टक्का’ लिहिलं असेल तर डिपरच्या झोताची वरची आडवी कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली हवी, १.३ टक्के असेल तर १३. उंची बदलायचं चाक डॅशबोर्डवर असेल तर ते शून्यावर ठेवूनच मोजा. मागे माणसं आणि सामान भरलं की नाक वर होतं, तेव्हा त्याच चाकाने झोत खाली आणायचा.

बल्ब दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा तिथेच तापून काच कमजोर करतो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. एच-४ च्या तबकडीला तीन कान असतात, ते आपापल्या खाचेत बसले पाहिजेत. बसवून झाल्यावर पुन्हा त्याच भिंतीसमोर गाडी लावा. एका दिव्याची कड दुसऱ्यापेक्षा वेगळी किंवा फुटलेली दिसली तर झोताची उंची बदलायच्या स्क्रूला हात लावू नका, आधी तो बल्ब काढून परत बसवा.