पोळ्यासाठी बैलाच्या चामडी पट्ट्यावर नाव ठोकतोय, अक्षरं वरखाली होतात, काय करू?

भाऊ, मराठी अक्षरं असतील तर रेघ खाली नाही, वर मार, शिरोरेषा जुळली की नाव सरळच दिसतं. स्टीलपट्टी ठेवून बोथट टोकाने हलकी रेघ ओढ, पेन अजिबात नको, डाग जात नाही. आधी कागदावर पंच (अक्षराचा लोखंडी ठसा) दाबून लांबी बघ, मग मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जा. चामडं झाडाच्या सालीने कमावलेलंच घे, क्रोमच्या रसायनाने कमावलेल्यावर ठसा नीट टिकत नाही. ओल्या स्पंजाने पुसायचं आणि मूळ रंग परत यायला लागला की ठोकायचं, आपल्या जळगाव-धुळ्याकडे ऊन पडलं की ते पटकन सुकतं म्हणून सावलीतच बस. खाली जाड फरशी, हातात लाकडी मोगरी, पंच एकदम उभा धरून एकच दणका, दुसऱ्यांदा मारला की अक्षर डबल उमटतं.