डोक्याचा सीटी नॉर्मल आला, तरी कानाच्या हाडाचा वेगळा सीटी कशासाठी?

भाऊ जिन्यावरून पडला, कानातून रक्त आलं, डोक्याच्या सीटीत मेंदू ठीक निघाला, तरी कानाचे डॉक्टर परत सीटी सांगतायत, हा उगाच खर्च तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे. मला तरी तो उगाच वाटत नाही.

डोक्याचा सीटी बघताना आमची नजर आधी मेंदूतल्या रक्तस्रावावर असते, आणि त्यातले काप बहुधा पाच मिलिमीटर जाडीचे असतात. कानातलं रिकीब हे हाड जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरचं. एवढ्या जाड कापात ते सापडायचं कसं? म्हणून शंखास्थीसाठी, म्हणजे कान ज्यात बसलेला असतो त्या कवटीच्या हाडासाठी, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे काप लागतात. मात्र एक विचारून घ्या: पहिल्या स्कॅनचा मूळ डेटा मशीनवर अजून असेल, तर त्यातूनच बारीक काप काढता येतील का? पुष्कळदा येतात, आणि दुसऱ्यांदा रेडिएशन घ्यावं लागत नाही.

कानामागचं हाड मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं. पोकळ्यांत हवा असल्यामुळे चित्रात ते काळं दिसतं. मार लागल्यावर तिथे राखाडी भरलेलं दिसलं, की मी फ्रॅक्चरची रेघ शोधायला लागतो. रेघ उभी की आडवी, याचं पूर्वी फार महत्त्व होतं. आता आधी बघतो ते ती आतल्या कानाच्या कवचातून गेलीय का. गेली असेल तर त्या कानाचं ऐकणं सहसा परत येत नाही. सुदैवाने बहुतेकांचं कवच शाबूत असतं. मग कमी ऐकू येण्याचं कारण साठलेलं रक्त असू शकतं, जे काही आठवड्यांत ओसरतं, किंवा सरकलेली हाडं, जी ऑपरेशनने बसवता येतात. हातोडी आणि ऐरण ही कानातली दोन छोटी हाडं आडव्या कापात अगदी आइस्क्रीमच्या कोनासारखी दिसतात. कोनावरचा गोळा ढळलेला दिसला, की सांधा निखळलाय.

शिकत असताना मी एकदा अशीच एक रेघ फ्रॅक्चर म्हणून लिहिली होती. सरांनी दुसरा कान बघायला सांगितला. तिथेही तीच रेघ! ती हाडातली नैसर्गिक वाट होती. तेव्हापासून दोन्ही कान शेजारी ठेवल्याशिवाय मी रिपोर्ट लिहीत नाही.

सीटीत चेहऱ्याची नस दिसत नाही, तिचा हाडातला बोगदा तेवढा दिसतो. त्यामुळे भावाचं तोंड वाकडं झालं असेल, तर ते पडल्या पडल्या झालं की दोन दिवसांनी, हे डॉक्टरांना नक्की सांगा. उपचार बऱ्याच अंशी त्यावर ठरतात. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळत असेल तर तेही लगेच सांगा. तोवर कानात थेंब घालू नका, आणि त्याला नाक जोरात शिंकरू देऊ नका.