मावशी कोण करणार?

प्रश्न : मी नांदेडला नाट्यशास्त्र शिकते. यंदाची एकांकिका मीच बसवतेय आणि त्यात आईची भूमिकाही करतेय. सर म्हणतात, एक काहीतरी धर, नाहीतर दोन्ही कच्चं राहील. विजया मेहतांनी हे कसं जमवलं असेल?

उत्तर : तुझं पत्र आलं आणि मी कपाटातून बाईंचं आत्मचरित्र, ‘झिम्मा’, पुन्हा काढलं. १९६० साली विजय तेंडुलकर, श्रीराम लागू, अरविंद देशपांडे यांच्यासोबत उभी केलेली ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था, मग ‘हमीदाबाईची कोठी’, ‘वाडा चिरेबंदी’ ही बसवलेली नाटकं... यादी मोठी आहे, तुझ्या सरांना ती पाठही असेल. तू फक्त एक मावशी बघ.

जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ हे नाटक बाईंनी बसवलं आणि त्यातली मावशीही केली, समोर विक्रम गोखले. पुढे त्यावरूनच ‘रावसाहेब’ चित्रपट केला, तेव्हाही दिग्दर्शन त्यांचं आणि मावशी त्याच. मावशी म्हणजे केशवपन झालेली, लाल आलवण नेसलेली विधवा. तिच्या डोळ्यांसमोर वाड्यातल्या तरुण राधावर तीच पाळी येऊ घातलेली. माझ्या आजोळी अशीच एक आत्या होती. ओसरीवर पुरुषमाणूस आला की ती बोलता बोलता दाराआड व्हायची. ‘रावसाहेब’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती आत्याच आठवत राहिली, आणि मी रडले. मावशी बोलत नसते तेव्हा तिच्याकडे बघ. प्रसंग राधाचा असला की बाई तो तिच्याकडे सोपवून मोकळ्या होतात. हे नटीला एकटीला सुचत नाही गं, तिच्या आत दिग्दर्शक जागा असावा लागतो.

संगीत नाटक अकादमीने १९७५ साली त्यांना गौरवलं ते दिग्दर्शनासाठी. आणि ‘रावसाहेब’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहायक अभिनेत्रीचा, स्वतःच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात! सरांना हे जरूर सांग.

पण सरांची काळजी खोटी नाही. स्टेजवर उभं राहून स्वतःचं नाटक दिसत नाही. म्हणून पहिले आठ दिवस तालमीत आईच्या जागी मैत्रिणीला उभी कर, तू मागच्या रांगेत बस. आई कुठे नुसतीच उभी राहते, कुठे दुसऱ्याच्या वाक्यात लुडबुडते, ते वहीत लिहून ठेव. मग स्टेजवर चढ. आणि प्रयोगाची तारीख मला कळव.