खिडकीचं टेबल, खांबामागची खुर्ची आणि दहा लाखांची नोटीस

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मरीन ड्राइव्हवरच्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये सहा जणांचं बुकिंग केलं. आईला वरून राणीचा हार, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग, बघायची होती. खिडकीलगतच्या टेबलासाठी माणशी १,५०० रुपये जादा, म्हणजे ९,००० रुपये आगाऊ भरले. 'सी-फेसिंग विंडो टेबल कन्फर्म' असा व्हॉट्सअॅप मेसेज आहे. तिथे गेल्यावर मात्र जाड खांबामागे बसवलं. 'व्हीआयपी आले आहेत, अॅडजस्ट करा' एवढंच उत्तर मिळालं. सूप गार, जेवण तासाभराने, पाण्याची बाटली २५० रुपयांना. जेवणाचे २४,००० झाले, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला. काढा म्हटलं तर 'मेन्यूवर छापलंय, कंपल्सरी आहे.' बाबा म्हणाले, भरून टाक, चारचौघांत तमाशा नको. भरले. घरी येऊन मी रिव्ह्यू लिहिला. आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे : सात दिवसांत रिव्ह्यू काढून माफी मागा, नाहीतर १० लाखांचा दावा आणि फौजदारी कारवाई. पोलीस घरी येतील का? रिव्ह्यू काढून टाकू का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी नोटिशीचं बघू. पोलीस घरी येणार नाहीत. अब्रूनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालचा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस त्यात स्वतःहून कारवाई करू शकत नाहीत. त्यासाठी रेस्टॉरंटला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागेल, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोर्ट त्या तक्रारीची दखलही घेऊ शकत नाही. 'सात दिवस' ही मुदत त्यांच्या वकिलांनी घातलेली आहे, कायद्याने नव्हे. दहा लाखांचा आकडाही त्यांचाच. नोटिशीत आकडा टाकायला कोर्ट फी लागत नाही, दावा लावायला लागते, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

तरीही नोटीस फेकून देऊ नका, आणि रागाच्या भरात मॅनेजरला फोन तर मुळीच करू नका. तुमच्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलात ते बरं केलंत, कारण सगळं त्या चार वाक्यांवर आहे. 'खिडकीचे पैसे घेऊन खांबामागे बसवलं.' हे खरं आहे, मेसेज आणि पावती हातात आहे. इतर ग्राहकांना उपयोगी अशी ही माहिती आहे. ठेवा. 'सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला.' हेही बिलावर दिसतंय. ठेवा. 'कोळंबी शिळी होती.' इथे थांबा. शिळी होती हे विधान झालं, आणि ते सिद्ध करायला तुमच्याकडे आता कोळंबी नाही. 'मला कोळंबी ताजी वाटली नाही' हे तुमचं मत आहे, त्यावर दावा उभा राहणं कठीण. राहिलं शेवटचं : 'हे लोक चोर आहेत.' हे आजच काढा. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरता बचाव असतो. फौजदारीत सत्याच्या जोडीला लोकहितही दाखवावं लागतं. 'चोर' या शब्दाला दोन्हीकडे आधार नाही. चोरी हा गुन्हा आहे आणि तुम्ही फिर्याद दिलेली नाही. त्यांच्या वकिलांनी अख्खी नोटीस या एका शब्दावर उभी केली आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणजे रिव्ह्यू काढायचा नाही, दुरुस्त करायचा. आधी मूळ रिव्ह्यू तारखेसह जपून ठेवा, मग बदला.

आता तुमची बाजू. सूप गार होतं आणि जेवणाला तास लागला, हे तक्रारीत एका ओळीत लिहा आणि पुढे चला. सूप किती गरम असावं याचं कलम माझ्या तरी वाचनात नाही, आणि शनिवारी रात्री तासभर लागला याला सामनेवाल्यांकडे दहा उत्तरं असतील. पाण्याची बाटली तर सोडूनच द्या. हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देऊ शकतं, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, सोबत बसायची जागा आणि सेवाही असते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलं आहे. २५० रुपये खुपतात हे खरं. पण हा मुद्दा घातलात तर त्यांचा वकील वीस मिनिटं त्यावरच बोलेल आणि खांब बाजूला राहील.

तुमची केस म्हणजे तो खांब. विशिष्ट जागेसाठी वेगळे पैसे घेतले, लेखी कबूल केलं आणि ती जागा दिली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या वाचा. करारानुसार जे द्यायचं कबूल केलं त्यात उणेपणा, हे त्यात स्पष्ट आहे. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. आईंच्या पैठणीचा काठ, मागे राखाडी खांब, आणि खांबाच्या कडेला बोटभर रुंदीची उजेडाची पट्टी. तोच तुमचा राणीचा हार. हा फोटो फोनमधून हलवू नका. मूळ फाइलमध्ये वेळ नोंदलेली असते. व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीत ती राहत नाही. फोनही तूर्त विकू नका. डिजिटल पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यायची वेळ आली तर मूळ फोन लागेल.

ते म्हणतील, 'टेबल उपलब्धतेनुसार' असं आमच्या अटींत आहे. यावर उत्तर सोपं आहे : उपलब्ध नव्हतं तर ९,००० रुपये त्याच रात्री परत का केले नाहीत? मात्र तक्रारीत 'ही अटच अन्यायकारक करार आहे' असा शब्दप्रयोग टाळा. अन्यायकारक कराराच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाहीत, राज्य ग्राहक आयोगाकडे जातात, आणि पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत ओढवून घ्याल. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढं पुरे.

सर्व्हिस चार्जबद्दल तुम्ही अगदी भक्कम जागी आहात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या : रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने उकळायचा नाही, सक्ती करायची नाही, आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगितीही मिळाली होती. पण २८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्च बसला. संघटना त्यावर अपिलात गेल्या आहेत, हे लक्षात असू द्या. 'मेन्यूवर छापलंय' हे उत्तर या सूचनांपुढे चालत नाही. बाबांनी भरायला सांगितलं म्हणून तुमचा हक्कही गेला नाही. पुढच्या वेळी मात्र बिलावर 'हरकत नोंदवून भरले' असं पेनाने लिहा आणि फोटो काढा.

तुमचं बिल पुन्हा बघा. २४,००० अधिक २,४०० असे २६,४००, त्यावर पाच टक्के जीएसटी १,३२०, एकूण २७,७२०. म्हणजे सर्व्हिस चार्जवरही १२० रुपये कर घेतला आहे. परत मागायचे ते २,५२० अधिक खिडकीचे ९,०००. एकूण ११,५२० रुपये, त्यावर व्याज, मनस्तापापोटी काही रक्कम आणि तक्रारीचा खर्च. मनस्तापाचा आकडा बेताचा ठेवा. केस चुकीचे कापल्याबद्दल एका मॉडेलला राष्ट्रीय आयोगाने दोन कोटी दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं, कारण एवढं नुकसान झाल्याचा पुरावा दिसत नव्हता. आईंचा हिरमोड खरा आहे, पण पाच लाख मागितलेत तर आयोगाचा विश्वास ११,५२० वरूनही उडतो.

नोटिशीच्या उत्तरातच ही मागणी घाला, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असंही लेखी कळवा. अशी चित्रणं लवकर पुसली जातात. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सर्व्हिस चार्जची तक्रार नोंदवा. पैसे आले नाहीत तर जिल्हा आयोग. तुम्ही ठाण्यात राहता, म्हणजे ठाण्याच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवरून दाखल करा. मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही भरलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, मुदत घटनेपासून दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. पैसे तुम्ही भरलेत म्हणून तुम्ही तक्रारदार क्रमांक एक, आई-बाबा दोन आणि तीन. सामनेवाल्यांना लेखी म्हणणं मांडायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. आयोगातल्या फायलींचे गठ्ठे पाहिलेत तर तुम्हीही वर्षभराचीच तयारी ठेवाल.

तुमच्या पत्राच्या तळाशी एक ओळ आहे : मॅनेजरने 'मोफत डिनर देतो, रिव्ह्यू काढा' असा मेसेज केला आहे. हा मेसेज नोटिशीच्या आधीचा की नंतरचा, तारीख बघून मला कळवा. नंतरचा असेल तर दहा लाखांची अब्रू दोन थाळ्यांत मिटायला तयार होती, हे उत्तरात पहिल्याच परिच्छेदात घेऊ. आणि तडजोड करायचीच असेल तर ११,५२० आधी खात्यात येऊ द्या, नोटीस मागे घेतल्याचं पत्र घ्या. डिनर घेतलंत, तर टेबल क्रमांक लिहून घ्या.