नोटा तर आपल्याच गावात छापतात

नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा नाशिकरोडला महिला मंडळात तू महागाईवर बोललीस तेव्हा मी मागच्या रांगेत होते. रात्री तुझा मेसेज आला, ‘मावशी, सोपं करायला गेले की खोटं होतं, खरं सांगायला गेले की अवघड होतं. काय करू?’ फोनवर उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझी तयारी चांगली होती. पण तू महागाईला ‘चलनफुगवटा’ म्हणालीस आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून गवार काढून मोडायला घेतली. शब्द इंग्रजी नव्हता, तरी त्यांच्या कानाला परकाच होता. थोड्या वेळाने त्याच बाईंनी विचारलं, ‘नोटा तर इथे आपल्या प्रेसमध्येच छापतात. मग जास्त छापून गरिबांना का वाटत नाहीत?’ सगळ्या हसल्या, तूही हसून पुढे गेलीस. तिथे थांबायला हवं होतं गं. तू तासभर जे सांगत होतीस त्याचं बीज त्या प्रश्नात होतं. आणि ज्यांच्या आळीतली माणसं रोज प्रेसच्या गेटमधून आत जातात, त्यांना तो पडणारच.

मी असं सांगितलं असतं. बुधवारच्या बाजारात मेथीच्या १०० जुड्या आल्यात आणि घ्यायला आलेल्या सगळ्यांकडे मिळून २,००० रुपये आहेत. जुडी २० रुपयांना जाते. रात्रीतून सगळ्यांचे पैसे दुप्पट झाले, पण मखमलाबादहून मेथी तेवढीच आली. आता जुडी ४० ला जाणार. घरी जाणारी भाजी होती तेवढीच राहिली. मग झिम्बाब्वेचं सांगायचं. तिथे सरकार नोटा छापत गेलं, दुकानात मात्र माल नव्हता. २००९ मध्ये १०० ट्रिलियन डॉलरची नोट निघाली, एकावर चौदा शून्यं, आणि थोड्याच दिवसांत लोकांनी ते चलनच सोडून दिलं. ही चौदा शून्यं फळ्यावर एकेक करून काढ. शून्यं संपेपर्यंत कुणी गवार मोडणार नाही.

पण एवढ्यावर सोडू नकोस. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर वर्षं काढली, म्हणून ठासून सांगते, पैसा म्हणजे नुसती नोट नव्हे. ट्रॅक्टरचं कर्ज मंजूर झालं की बँक खात्यात आकडा जमा करते. प्रेसचं यंत्र न हलताही पैसा वाढतो. म्हणून तर रिझर्व्ह बँक महागाई आवरायला व्याजदर वाढवते, कर्ज महाग करते. शिवाय अवकाळी पावसाने मेथी कुजली किंवा डिझेल वाढलं, तरी जुडीचा भाव चढतो, नोटा वाढलेल्या नसल्या तरी. उदाहरण दिल्यावर ते कुठपर्यंत चालतं हेही सांगितलंस, तर सोपं बोलणं खोटं होत नाही. माझा तरी हाच अनुभव आहे.

निफाडचे एक द्राक्ष बागायतदार मला म्हणाले होते, ‘येमेनवाल्यांचं भांडण, त्यात माझ्या मालाचा काय संबंध?’ येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, पुढच्याच हंगामातली गोष्ट. मी त्यांना विचारलं, ‘कसारा घाट बंद झाला तर मुंबईला कसे जाल?’ ते म्हणाले, ‘सिन्नर, संगमनेर, पुणे करून.’ अगदी तसंच झालं होतं. न्हावाशेवा बंदरातून निघालेला माल तांबडा समुद्र आणि पुढे सुएझ कालवा या वाटेने युरोपला जायचा, तो आता सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जात होता. वाटेत दहा-पंधरा दिवस जास्त. ते लगेच म्हणाले, ‘म्हणजे द्राक्षाचं देठ वाळणार.’ बघ, पुढचं वाक्य त्यांनीच सांगितलं. मला भर घालावी लागली ती एवढीच की, कंटेनर तिकडे उशिरा पोहोचला की रिकामा होऊन परतही उशिरा येतो. म्हणून इकडे कंटेनरची टंचाई होते, आणि ज्याचा माल त्या वाटेने जात नाही त्याचंही भाडं वाढतं. ऐकणाऱ्याला कसारा घाट माहीत असतो. सुएझपर्यंत त्याला आपण न्यायचं.

आकड्यांचंही तसंच. पावसाळ्यात ‘गंगापूर धरणातून १०,००० क्युसेक विसर्ग’ अशी बातमी येते आणि लोक विचारतात, ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?’ ते अडाणी म्हणून नाही विचारत. पिढ्यान्‌पिढ्या पूर त्या मूर्तीवरच मोजलाय. गुडघा, कंबर, छाती म्हटलं की गोदाकाठच्या दुकानदाराला माल कधी हलवायचा ते कळतं. तू दोन्ही सांग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला १०,००० लिटरचे अठ्ठावीस टँकर ओतल्यासारखं.

आता माझी एक चूक सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ पर्यंत ती बंद होती. लासलगावला भाव पडले, ओळखीच्या शेतकऱ्यांचे फोन येत होते, माझा जीव तुटत होता. त्या दिवसांत पंचवटीत एका बैठकीत मी सांगितलं, ‘शहरातल्यांना स्वस्त मिळावं म्हणून शेतकऱ्याचा गळा दाबला.’ चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई उठून म्हणाली, ‘मावशी, मीपण शहरातलीच. कांदा महागला की माझ्या घरी भाकरीबरोबर नुसतं मीठ असतं.’ मी गप्प झाले. वाक्य सोपं होतं, सगळ्यांना कळलंही होतं, पण त्यात ही बाई कुठेच नव्हती. तेव्हापासून बोलण्याआधी मी स्वतःला विचारते, या गोष्टीत पैसे कुणाच्या खिशातून जातात आणि कुणाच्या खिशात येतात? प्रत्येकाचं एकेक वाक्य तरी आलं पाहिजे. तूही हे तपासत जा, विशेषतः ज्या विषयात तुझं मन आधीच एका बाजूला झुकलंय तिथे.

पुढच्या रविवारी तू अमेरिकेने लावलेलं आयातशुल्क घेणार आहेस ना? बहुतेकांना वाटतं, ते पैसे भारत भरतो. जकात नाक्यापासून सुरुवात कर. आपल्याकडे शहरात येणाऱ्या मालावर जकात होती तेव्हाचे नाके आणि ट्रकच्या रांगा पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवतात. नाक्यावर पावती फाडली जायची माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याची, आणि तो ती भावात चढवून गिऱ्हाईकाकडून वसूल करायचा. अमेरिकेतही कर भरतो तो माल मागवणारा तिथलाच व्यापारी. मग आपलं नुकसान कसं होतं? तो व्यापारी म्हणतो, भाव उतरवा, नाहीतर दुसऱ्या देशातून घेतो. या टप्प्यावर घाई करू नकोस. अमेरिकेला माल पाठवणारे सुरत-तिरुपूरचे कारखाने इथेच गोष्टीत येतात.

बुधवारी सकाळी मी गोदाघाटावर बाजाराला जाणार आहे. येशील का? मी भाजी निवडते तोवर तू मला आयातशुल्क सांग. मेथीवाल्या मावशी मला चांगल्या ओळखतात, त्याही ऐकतील आणि मध्ये मध्ये विचारतीलच. वही घरी ठेवून ये.

तुझी,
मावशी