पुस्तक 'नॉलेजेबल' नसते

एका वाचकाचा प्रश्न आहे : व्याख्यानातून भरपूर माहिती मिळाली तर त्याला इंग्रजीत 'नॉलेजेबल' म्हणायचे की 'इन्फर्मेटिव्ह'? आणि इन्स्ट्रक्टिव्ह, एज्युकेशनल, एडिफाइंग हे सगळे एकच का?

पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीचे. नॉलेजेबल माणूस असतो, व्याख्यान नव्हे. 'सेशन खूप नॉलेजेबल होते', 'अतिशय नॉलेजेबल पुस्तक' ही वाक्ये रोज कानावर पडतात आणि दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखे होते. ज्याच्यापाशी ज्ञान आहे तो नॉलेजेबल. मराठीत आपण कधी 'जाणकार पुस्तक' म्हणतो का? वक्ता जाणकार आणि व्याख्यान माहितीपूर्ण, हा भेद मराठीत कुणी शिकवल्याशिवाय पाळतो. इंग्रजीत शिरलो की तोच का सुटतो, ते मला कळत नाही.

इन्फर्मेटिव्ह म्हणजे माहिती देणारे. त्यात अडखळण्यासारखे काही नाही. इन्स्ट्रक्टिव्ह त्याच्या पुढे जाते. गाड्यांचे वेळापत्रक इन्फर्मेटिव्ह असते, पण इन्स्ट्रक्टिव्ह नसते. फसलेला प्रयोग इन्स्ट्रक्टिव्ह असू शकतो, कारण पुढच्या खेपेला काय टाळायचे ते त्यातून उमगते. एज्युकेशनलचा अर्थ पुष्कळदा नुसता 'शिक्षणविषयक' एवढाच असतो. शिकवण्याचा गुणच सांगायचा असेल तर एज्युकेटिव्ह अधिक नेमके.

एज्युकेशनचे नाव निघालेच आहे तर एक गैरसमज इथेच खोडतो. शिक्षणावरच्या भाषणांत हमखास सांगितले जाते की हा शब्द लॅटिन 'एदूकेरे'पासून आला, म्हणून त्याचा अर्थ 'मुलाच्या आत आहे ते बाहेर काढणे'. कल्पना सुंदर, व्युत्पत्ती चुकीची. दीर्घ 'दू'च्या एदूकेरेपासून इंग्रजीला मिळाला तो 'इडक्शन', वेगळाच शब्द. एज्युकेशन आले ऱ्हस्व 'दु'च्या 'एदुकारे'पासून. त्या क्रियापदाचा अर्थ पोसणे, वाढवणे. रोमन लोक मुलांसाठी ते वापरत, तसे जनावरांसाठीही. दोन्ही क्रियापदांचे मूळ एकच आहे, पण सख्ख्या भावंडांची नावे अदलाबदल करून चालत नाहीत.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहायला घेतले त्याकडे येतो : एडिफाइंग. इंग्रजी-मराठी कोशांत इन्स्ट्रक्टिव्ह, एडिफाइंग आणि डायडॅक्टिक या तिन्हींपुढे सर्रास 'बोधप्रद' लिहिलेले सापडते. मला हे मुळीच मान्य नाही. डायडॅक्टिकला आज उपदेशाचा डोस पाजल्याचा वास येतो. एखाद्या कथेला डायडॅक्टिक म्हणणे हे बहुधा कौतुक नसते. आणि बोध हा 'बुध्'चा, म्हणजे जागे होण्याचा शब्द. एडिफाइंगच्या पोटात जाग नाही, बांधकाम आहे. लॅटिन 'आएदेस' म्हणजे इमारत (एकवचनात देऊळ, अनेकवचनात घर) आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. मिळून 'आएदिफिकारे', इमारत उभारणे. मोठ्या इमारतीला इंग्रजीत एडिफिस म्हणतात ते त्यामुळेच.

इमारतीवरून मनावर हा शब्द आणला ख्रिस्ती धर्मग्रंथांनी. ग्रीक बायबलमध्ये श्रद्धा दृढ करण्यासाठी 'घर बांधणे' या अर्थाचे क्रियापद येते. लॅटिन भाषांतरात त्याचे आएदिफिकारे झाले आणि १६११ च्या इंग्रजी बायबलपर्यंत ते एडिफाय म्हणून पोचले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पॉल म्हणतो की ज्ञानाने माणूस फुगतो, प्रेमाने तो बांधला जातो. तिथे हेच क्रियापद आहे.

पण खरी गंमत आएदेसच्याही मागे आहे. हा शब्द मुळात चुलीचा, विस्तवाचा! जिथे विस्तव तिथे घर. मूळ धातू 'जळणे' या अर्थाचा, आणि तो आपल्या ओळखीचा आहे : संस्कृत 'इध्', 'इन्ध्'. त्यातूनच इंधन, त्यातूनच समिधा, आणि सरपणासाठी जुना शब्द 'एध'. एडिफायमधला 'एड' आणि हा 'एध' कानाला जवळचे वाटतात, पण नुसत्या कानावर विसंबू नका, नियम पाहा. शब्दाच्या मध्यातल्या संस्कृत 'ध'च्या जागी लॅटिनमध्ये पुष्कळदा 'द' येतो : मध्य आणि 'मेदिउस', विधवा आणि 'विदुआ'. तसेच एध आणि आएदेस. राहिला ए, तर अ आणि इ मिळून ए होतो हे गुणसंधीत आपण शाळेतच शिकलो. लॅटिनने तो जोडस्वर मोडला नाही, इतकेच. लॅटिनमध्ये उष्म्याला 'आएस्तुस' आणि उन्हाळ्याला 'आएस्तास' म्हणतात. तीही याच धातूची लेकरे. चुलीचा अर्थ ओढूनताणून आणलेला आहे असे म्हणणाऱ्यांनी या दोन शब्दांचे काय करायचे ते सांगावे.

आणि मुंडक उपनिषदातला शिष्य आठवा. ज्ञानासाठी गुरूकडे जायचे ते 'समित्पाणिः', हातात समिधा घेऊन. ज्या धातूतून शिष्याच्या हातातले लाकूड आले, त्याच धातूतून दुसऱ्या टोकाला माणसाची जडणघडण सांगणारे विशेषण निघाले. हे प्रथम ध्यानात आले त्या रात्री मला कोश मिटवेना.

म्हणून एडिफाइंगला मी 'बोधप्रद' म्हणणार नाही, 'घडवणारे' म्हणेन. वापरताना मात्र जपा. आजच्या इंग्रजीत हा शब्द पुष्कळदा नकारासोबत येतो : भर सभागृहातल्या हमरीतुमरीला 'नॉट अ व्हेरी एडिफाइंग स्पेक्टॅकल' म्हणतात, आणि तिथे त्याचा सरळ अर्थ 'शोभा न देणारे दृश्य' असा होतो.